कुत्र्या-मांजरांच्या पिसवांचा बारमाही बंदोबस्त कसा करावा

मागे एका जून महिन्यात तीन आठवडे गावी राहून आम्ही कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या घरी परत आलो. घर जुनं, पुढं सोपा, मागं परडं. कुत्रा आमच्याबरोबर होता आणि मांजर शेजारच्या काकूंकडं, म्हणजे तीन आठवडे घर अगदी रिकामं. कुलूप काढलं, सामान आत घेतलं. सोप्यात दोन-तीन फेऱ्या झाल्या असतील नसतील, धाकटीनं पाय झाडायला सुरुवात केली. तिच्या पांढऱ्या मोज्यांवर दहा-बारा काळे ठिपके होते आणि ते उड्या मारत होते.

बंद घरात पिसवा आल्या कुठून, हे त्या दिवशी कळलंच नाही. जनावरांच्या डॉक्टरांनी नंतर समजावून सांगितलं, तेव्हा लक्षात आलं की इतकी वर्षं आम्ही चुकीच्या ठिकाणी औषध मारत होतो. आम्ही कुत्र्याला धुवत होतो आणि पिसवा घरात वाढत होत्या.

आधी पिसू राहते कुठं ते बघा

पिसूची मादी रक्त प्यायली की एक-दोन दिवसांत अंडी घालायला लागते. चांगलं पोट भरलं की दिवसाला 40-50 अंडी. उवांची लिख केसाला घट्ट चिकटते, पिसूचं अंडं तसं चिकटत नाही. ते गुळगुळीत असतं, मिठाच्या कणासारखं घरंगळून खाली पडतं. कुत्रा जिथं झोपतो आणि उठल्यावर अंग झाडतो, तिथं अंड्यांचा सडा पडतो. त्यातून अळी निघते. तिला उजेड सोसत नाही, म्हणून ती शहाबादी फरशीच्या सांध्यात, गोणपाटाच्या घडीत, दिवाणाखालच्या धुळीत शिरते. तिचं खाणं म्हणजे मोठ्या पिसवांची वाळलेल्या रक्ताची विष्ठा, जी अंड्यांबरोबरच खाली पडलेली असते. पुढं अळी स्वतःभोवती कोष विणते. कोष चिकट असतो, त्याला धूळ चिकटते आणि समोर असूनही तो दिसत नाही.

सगळी मेख या कोषात आहे. आत तयार झालेली पिसू घाई करत नाही. बाहेर कुणी नसेल तर ती महिनोनमहिने तशीच बसून राहते. पावलांची थरथर, अंगाची ऊब, श्वासातला कार्बन डायऑक्साइड यांची चाहूल लागली की काही क्षणांत बाहेर पडते आणि उडी मारते. आमच्या सोप्यात त्या दिवशी हेच झालं. आम्ही चाललो आणि त्या जाग्या झाल्या.

ढोबळ हिशेब असा सांगतात की, घरात 100 पिसवा धरल्या तर अंगावर 5 असतात. उरलेल्या 95 अंडी, अळ्या आणि कोष या रूपात घरभर पसरलेल्या असतात.

त्यात आपली हवा त्यांना मानवणारी. पिसूला 21 ते 30 अंश तापमान आणि 70 टक्क्यांच्या पुढं दमटपणा आवडतो. कोल्हापुरात जून ते ऑक्टोबर हेच असतं. थंडीनं त्या मरतील म्हणावं, तर इथं थंडीच्या महिन्यांतही पहाटे पारा सहसा 14-15 च्या आसपास असतो. तेवढ्यानं त्यांचं काही बिघडत नाही. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात उघड्यावरच्या अळ्या सुकून मरतात हे खरं, पण न्हाणीजवळचा ओलसर कोपरा, कुंड्यांखालची माती आणि जिन्याखालची अडगळ उन्हाळ्यातही त्यांना सांभाळते. म्हणूनच वर्षातला एकही महिना सुट्टीचा नाही.

पहिली पायरी: फणी आणि ओला कागद

नुसतं खाजवणं म्हणजे पिसवाच असं नाही. गोचीड, खरूज, बुरशी, कशानंही खाज सुटते. घरातली उवांची बारीक दातांची फणी घ्या. शेपटीच्या मुळाशी, मांड्यांच्या आतल्या बाजूला, मानेवर आणि पोटाखाली ती कातडीपर्यंत टेकवून हळू ओढा. फणीत मिरपुडीसारखे काळे कण आले, तर ते पांढऱ्या कागदावर झटका आणि वर पाण्याचे दोन थेंब टाका. साधी धूळ असेल तर तशीच राहील. पिसवांची घाण असेल तर अर्ध्या मिनिटात कणाभोवती तांबूस-तपकिरी वर्तुळ पसरायला लागतं, कारण ते रक्तच असतं. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा वहीच्या पानावर अशी सात-आठ वर्तुळं उमटली, आणि कुत्र्याच्या अंगावर तोवर एकही पिसू नजरेला पडली नव्हती.

सापडलेली पिसू नखावर चिरडू नका, निसटते. शेजारी साबणाच्या पाण्याचा वाडगा ठेवा आणि फणी त्यात बुडवा. साबणामुळं तिला तरंगता येत नाही. ही तपासणी आठवड्यातून एकदा करायची, बारा महिने. दहा मिनिटं पुरतात.

मांजराच्या बाबतीत जास्त बारकाईनं बघावं लागतं. मांजर दिवसभर अंग चाटतं आणि पिसवा गिळूनही टाकतं, त्यामुळं पुरावाच राहत नाही. पाठीवर केस विरळ झाले किंवा मानेभोवती बारीक खपल्या आल्या तरी संशय घ्या.

दुसरी पायरी: औषध घरातल्या प्रत्येक जनावराला

कुत्र्याला दिलं आणि मांजराला सोडलं तर उपयोग शून्य. दोघांच्याही अंगावर बहुतेक वेळा एकाच जातीची पिसू असते, आणि तिचं नावच मांजराची पिसू. परड्यात शेळ्या, करडं असतील तर तीच पिसू त्यांच्यावरही राहते. तेव्हा डॉक्टरांना घरातल्या सगळ्या जनावरांची यादी सांगा.

औषधं मुख्यतः दोन तऱ्हेची मिळतात. एक मानेवर थेंब टाकायचं: फिप्रोनिल, सेलामेक्टिन यांसारखं, साधारण महिन्यातून एकदा. दुसरी खायची गोळी: अफॉक्सोलेनरची महिन्याला एक, फ्लुरालेनरची कुत्र्यांना सुमारे 12 आठवडे पुरते. कुत्र्याला पूर्वी कधी झटके आले असतील, तर गोळी घेण्याआधी डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. काही थेंबांत फिप्रोनिलबरोबर एस-मेथोप्रीनही असतं. त्यानं अंडी आणि अळ्यांची वाढ खुंटते. घरात प्रादुर्भाव झालेला असेल तर तसं औषध मागावं.

थेंब टाकताना बरेच जण चुकतात. केसांवर ओतून उपयोग नाही. दोन्ही खांद्यांच्या मधे, मानेच्या मुळाशी केस बोटांनी दुभंगून कातडी दिसली पाहिजे, आणि नळी तिथं टेकवून पिळायची. मांजराला आणखी वर, डोक्याच्या मागं, जिथं तिची जीभ पोचत नाही तिथं. बऱ्याच थेंबांच्या आधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस आंघोळ टाळावी लागते, वेष्टनावर लिहिलेलं असतं ते वाचा. मात्रा वजनावर ठरते. घरच्या काट्यावर आधी स्वतः उभं राहायचं, मग जनावर कडेवर घेऊन, आणि फरक काढायचा.

मांजर असेल तर हे कृपा करून वाचा

आपल्याकडं गोठा जवळ असतो. म्हशीच्या गोचिडांवर मारायचं औषध फळीवर असतंच, आणि कुणीतरी सांगतं, थोडं पाण्यात घालून लाव, काय होत नाही. मांजराला होतं. परमेथ्रिन, सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन या वर्गातली औषधं मांजराच्या यकृताला नीट पचवता येत नाहीत. आमच्या गल्लीतल्या एका घरात मनीला असंच लावलं होतं. संध्याकाळी ती थरथरायला लागली, तोंडातून लाळ गळत होती, मागचे पाय उचलेनात. वेळेत दवाखाना गाठला म्हणून वाचली. असं झालं तर भांड्यांच्या साबणानं, कोमट पाण्यानं अंग धुवा, टॉवेलात गुंडाळा आणि लगेच निघा, सकाळची वाट बघू नका. कुत्र्यासाठीचे परमेथ्रिनचे थेंबही मांजराला चालत नाहीत. कुत्र्याला ते लावले तर सुकेपर्यंत मांजराला त्याच्याशी घसटू देऊ नका. सशाला फिप्रोनिल चालत नाही, हेही ध्यानात ठेवा.

रॉकेल, फिनेल, तंबाखूचं पाणी, डांबरगोळ्या, लसूण यांपैकी काहीही जनावराच्या अंगावर किंवा पोटात जाऊ देऊ नका. फिनेलनं पुसलेल्या ओल्या फरशीवरून मांजर चालतं आणि पंजे चाटतं. पिसवा मरोत न मरोत, मांजराच्या पोटात विष जातंच.

तिसरी पायरी: घर

इथं वेळ द्या. कुत्रा ज्या गोणपाटावर किंवा जुन्या वाकळेवर झोपतो, ती उचलून आधी गरम पाण्यात भिजवा. बंबातलं कढत पाणी उत्तम, 60 अंशांच्या पुढं अंडी आणि अळ्या तगत नाहीत. वाकळ जाड, एका धुण्यात आतपर्यंत पाणी जात नाही, म्हणून मी कुत्र्याला वाकळ देणंच बंद केलं. दोन पातळ सुती चादरी आळीपाळीनं वापरतो, दर आठवड्याला धुतो. घोंगडं धुणं अवघड, ते जनावराच्या अंथरुणात नकोच. एप्रिल-मेमध्ये गाद्या, उशा, पायपुसणी गच्चीवर दिवसभर उन्हात टाका. कोरड्या उन्हासारखा फुकटचा उपाय नाही.

मग झाडलोट. केरसुणीनं वरवर झाडलं तर सांध्यातली अंडी तिथंच राहतात. व्हॅक्यूम क्लीनर असेल तर फरशीचे सांधे, भिंतीच्या कडा, सोफ्याच्या फटी, दिवाणाखाली रोज फिरवा आणि गोळा झालेला कचरा पिशवीत घट्ट बांधून लगेच घराबाहेर टाका. त्याच्या थरथरीनं कोषातल्या पिसवा बाहेर येतात, तेही आपल्या पथ्यावरच पडतं. तो नसेल तर जुन्या दातघासणीनं सांधे खरवडा, केर भरा आणि साबणाच्या पाण्यानं पुसा. फुटलेले सांधे पांढऱ्या सिमेंटनं भरून घेतले तर कायमची एक जागा कमी होते.

परड्यात उन्हातल्या उघड्या जागेची काळजी नको. बघायचं ते सावलीत: जिन्याखाली, लाकडांच्या ढिगाखाली, भटकी कुत्री येऊन पडतात त्या कोपऱ्यात. पिसू एका कुत्र्यावरून दुसऱ्यावर क्वचितच उडी मारते. भटक्या कुत्र्याच्या बसण्याच्या जागी अंडी सांडतात आणि तिथं आपला कुत्रा लोळला की त्याच्यावर नवी पिसू चढते. ढीग हलवा, पालापाचोळा काढा, फट बुजवा.

घरात फवारणी करवून घ्यायची वेळ आलीच, तर जनावरं आणि मुलं बाहेर पाठवा, आणि माशांची टाकी असेल तर झाका व तिचा पंप बंद करा. यातली बरीच औषधं माशांना मारक असतात.

चौथी पायरी: तीन महिने धीर धरा

औषध लावल्यावर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा पिसवा दिसल्या की माणसं म्हणतात, औषध बनावट होतं. बहुतेक वेळा तसं नसतं. कोषांना कुठलंच औषध नीट लागू पडत नाही. त्यातून नव्या पिसवा निघत राहतात, औषध लावलेल्या कुत्र्यावर चढतात आणि मरतात. हा जुना साठा संपायला साधारण तीन महिने लागतात. मधेच औषध सोडलं तर पहिल्यापासून सुरुवात.

वर्षाचा क्रम

आमच्या घरी असा बसला आहे. पावसाळा लागायच्या आत, मेच्या मध्याला अंथरुणं उन्हात, सांधे साफ आणि सगळ्या जनावरांना औषध. जून ते ऑक्टोबर एकही तारीख चुकवायची नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैमध्ये पंचगंगेचा महापूर आला, तेव्हा किती घरांना जनावरांसह बाहेर पडावं लागलं, हे आपण पाहिलं. अनोळखी जनावरं एका छपराखाली आली की पिसवाही वाटल्या जातात. नदीकाठच्यांनी तर जूनची मात्रा लांबवूच नये. दिवाळीच्या साफसफाईत दिवाण, कपाटं हलतातच, तेव्हा मागची धूळ काढायची. हिवाळ्यात औषध चालू ठेवायचं की अंतर वाढवायचं, ते डॉक्टरांना विचारून ठरवा. मी चालू ठेवतो.

दवाखान्यात कधी जायचं

आठ आठवड्यांच्या आतली पिल्लं असतील तर बहुतेक औषधं चालत नाहीत. फणी आणि कोमट पाण्याची आंघोळ एवढंच हातात असतं, आणि आईला कुठलं औषध चालेल ते डॉक्टरच सांगतील. पिल्लाच्या हिरड्या पांढुरक्या दिसल्या तर त्याच दिवशी न्या, पिसवांनी रक्त पिऊन पिल्लं दगावतात. शेपटीखाली किंवा अंथरुणावर तांदळाच्या दाण्यासारखं काही वळवळताना दिसलं, तर ते पट्टकृमीचे तुकडे आहेत. पिसू गिळल्यामुळं हा जंत होतो, त्याचं औषध वेगळं घ्यावं लागतं. शेपटीच्या मुळाशी केस जाऊन कातडी लाल झाली असेल, तर पिसूच्या लाळेची ॲलर्जी असू शकते. अशा जनावराला एक-दोन चावेही पुरतात.

घरातली जुनी माणसं पिसू म्हटलं की प्लेग आठवतात. 1896 साली मुंबईत सुरू झालेल्या त्या साथीची पिसू उंदरावरची होती. 1898 मध्ये कराचीत सिमाँ या फ्रेंच डॉक्टरानं ते दाखवून दिलं. तरी घरात उंदीर-घुशी असतील तर त्यांचा बंदोबस्तही याच कामात धरा.

आता गावाहून परत आलो की मुलांना ओसरीवरच थांबवतो. मी पायजमा मोज्यांत खोचून एकटा आत जातो, खिडक्या उघडतो, सगळ्या खोल्यांतून पाय आपटत फिरतो आणि व्हॅक्यूम लावतो. मग औषध चालू असलेल्या कुत्र्याला आत सोडतो. तासाभरानं पांढरे मोजे घालून एक फेरी मारतो. ठिपका दिसला नाही की सामान आत येतं.