खांद्याच्या ऑपरेशननंतर मेलाटोनिन घ्यायचंय? आधी कोपराखाली घडी ठेवा

खांद्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाचा दिवस कसाबसा जातो, रात्र मात्र खायला उठते. आईचा फाटलेला रोटेटर कफ (खांदा धरून ठेवणारे स्नायू आणि त्यांचे दोर) शिवला, तेव्हा महिनाभर आमच्याकडे रात्री दोनला दिवा लागलेला असे.

झोपेसाठी काही घेत असाल तर ते ऑपरेशनच्या आधीच भूलतज्ज्ञांना सांगा. अश्वगंधा, व्हॅलेरियन (झोपेसाठी घेतात ती औषधी मुळी), कुठलंही चूर्ण, सगळं. ‘आयुर्वेदिकच आहे’ म्हणून गाळू नका, यांतल्या काहींनी भुलीची गुंगी वाढू शकते.

घरी आल्यावर आधी झोपायची जागा नीट लावा. सपाट झोपलं की खांदा मागे पडतो आणि टाक्यांवर ताण येतो. पाठीशी उशा रचून अर्धवट बसतं झोपवा. मग चादरीची जाड घडी कोपर आणि दंडाखाली सरकवा. पडल्यापडल्या रुग्णाला स्वतःचं कोपर दिसलं पाहिजे. दिसत नसेल तर घडी वाढवा. आईला पहिली सलग झोप लागली ती या घडीमुळेच. हात अडकवलेला गळ्यातला पट्टा (स्लिंग) रात्रीही काढायचा नाही.

नंतर दुखणं. नर्व्ह ब्लॉक (हात बधिर करणारं इंजेक्शन) दिला असेल तर तो बहुधा पहिल्याच रात्री उतरतो आणि कळ एकदम येते. लिहून दिलेली गोळी तिची वाट न पाहता वेळेवर द्या. मेलाटोनिन हे झोपेसाठीचं सप्लिमेंट, त्याने कळ थांबणार नाही.

एवढं करूनही डोळा लागत नसेल तर सर्जनना विचारून एकच सप्लिमेंट सुरू करा. मेलाटोनिन १ ते ३ मिलिग्रॅम, झोपण्याआधी तासभर. ते शरीराला रात्र झाल्याची खूण देतं, झोपेच्या गोळीसारखं पाडत नाही. रक्त पातळ करणाऱ्या किंवा फिट्सच्या गोळ्या चालू असतील तर परस्पर घेऊ नका. ट्रामाडॉलसारख्या वेदनाशामकाबरोबर गुंगी वाढते. अशा गुंगीत बाथरूमला एकट्याने उठणं म्हणजे शिवलेल्या खांद्यावर पडायची भीती, तेव्हा सोबत कुणीतरी हवंच.

मॅग्नेशियम सप्लिमेंटमधून दिवसाला ३५० मिलिग्रॅमच्या वर नको. पोट बिघडतं, आणि किडनीचा त्रास असेल तर ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नका. दुधात जायफळ घालायचं तर चिमूटभरच, जास्त झालं तर बाधतं.

ताप आला, जखमेतून पाणी येऊ लागलं किंवा कळ रोज वाढत चालली, तर झोपेचा विचार बाजूला ठेवून सर्जनना फोन करा.