पद मिळालंय ना, मग मागच्या वर्षीची फाईल बाजूला ठेवा

कॉलेजात सीआर म्हणजे वर्गप्रतिनिधी झालात, क्लबचं सेक्रेटरीपद मिळालं किंवा फेस्टची कमिटी हातात आली की बहुतेक वेळा काय होतं, जुनी फाईल काढायची, तारखा बदलायच्या आणि तोच कार्यक्रम परत करायचा. खूप वाईट वाटतं हे बघून. कारण खरी अडचण, अपुरे पैसे आणि टळणार नाही अशी तारीख एवढं सगळं एकत्र वर्गात कधी मिळत नाही, आणि डोकं चालायला तेच लागतं.

तर सुरुवात इथून करा: काम वाटताना अडचण सांगा, उपाय नको. एखाद्या मुलीला 'पोस्टर बनव' म्हटलं की पोस्टरच येणार. 'फर्स्ट इयरची मुलं फिरकतच नाहीत, काय करायचं तू ठरव' म्हटलं की तीच मुलगी जिन्यात रोज एक कोडं चिकटवेल आणि उत्तर कार्यक्रमात मिळेल असं खाली लिहील. पण एकदा ठरव म्हटलंत की मग प्रत्येक गोष्टीला विचारायला लावू नका हां.

मीटिंगमध्ये 'चला, आयडिया सांगा' हे बंद करा. एक बोलत असतो तेव्हा बाकीचे अडकून पडतात, सुचलेलं विसरतात, १९८७ मध्ये डील आणि श्ट्रोबे या मानसशास्त्रज्ञांनी प्रयोग करून हेच दाखवलं होतं. त्यापेक्षा ६-३-५ करून बघा, बर्न्ड रोरबाख यांनी १९६८ मध्ये मांडलेली पद्धत आहे: ६ जण, प्रत्येकाने ५ मिनिटांत ३ कल्पना लिहायच्या, कागद शेजारी द्यायचा, त्याने वरचं वाचून अजून ३ लिहायच्या. ६ फेऱ्या म्हणजे अर्ध्या तासात १०८ कल्पना, त्यातल्या शंभर टाकाऊ निघाल्या तरी चालतील.

आणि प्रमुखाने शेवटी बोलायचं. मी कमिटीत होते तेव्हा आधी माझंच सांगायचे, सगळे लगेच हो म्हणायचे. एक ज्युनियर मात्र वहीत काहीतरी लिहून पान दुमडून ठेवायचा. वर्ष संपताना त्याने ते दाखवलं, हॉलऐवजी लायब्ररीमागच्या मोकळ्या जागेत नाटक, प्रेक्षक पायऱ्यांवर, अगदी नकाशासकट! आमच्या हॉलच्या बुकिंगचा सगळा घोळच वाचला असता.

छोट्या कामांचं प्रमुखपद दर महिन्याला फिरवा, गप्प बसणाऱ्यांनाही द्या. आणि पुढच्या बॅचला फाईल देताना फसलेले प्रयोग आणि न वापरलेल्या कल्पनाही त्यात घाला, खर्चाच्या पावत्या तर असतातच.