बोर्ड घेण्याआधी एक वाक्य लिहा

आमच्या गुजरातेत मुख्याध्यापकांना आचार्य म्हणतात. या खुर्चीवर नव्याने आलेली मंडळी मला फोन करतात आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो, 'बेन, कुठलं स्मार्ट बोर्ड घेऊ?' मी सांगते, पंधरा दिवस काहीही घेऊ नका. रोज एक तास कुठल्या तरी वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसा. हातात तपासणीचा फॉर्म नको, एक साधी वही असू दे. मुलं कुठे अडतात, तेवढंच तिच्यात लिहा.

मी हे उलट्या क्रमाने केलं होतं. ट्रस्टींकडून पैसे आणले, दोन बोर्ड बसवले, नारळ फोडला. कुणी बिघडवू नये म्हणून रिमोट माझ्या कपाटात ठेवला. तास सुरू झाला की शिपाईकाका रिमोट मागायला यायचे आणि मी नेमकी मीटिंगमध्ये असायची. पस्तीस मिनिटांच्या तासातली दहा मिनिटं अशी जायची. दिवाळीच्या सुट्टीनंतर रिमोट मागायला कुणी येईनासं झालं. एकदा बोर्डाचं कापडी कव्हर काढलं, तर त्याच्या चुण्यांमध्ये धुळीच्या रेघा बसलेल्या. शिक्षकांना काय बोलणार? बोर्ड कशासाठी आणला, हे मी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं.

मग मी वही घेऊन मागच्या बाकावर बसायला लागले. दहावीत विजेचा धडा चालू होता. सरांनी विचारलं, एका सेलला दोन सारखे बल्ब एकामागोमाग जोडले तर जास्त उजेड कुणाचा? जवळजवळ सगळा वर्ग म्हणाला, पहिल्याचा. 'पहिला बल्ब करंट खाऊन टाकतो ना!' सरांनी खरे बल्ब जोडून दाखवले. दोन्ही सारखेच पेटले. मुलं हटेनात. म्हणाली, सेल नवा आहे म्हणून.

दुसऱ्या दिवशी सरांनी लॅपटॉपवर तेच सर्किट जोडलं. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचे 'फेट' नावाचे प्रयोग आहेत, नोबेलविजेते कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेले. फुकट आहेत, गुजराती-मराठीतही मिळतात, आणि एकदा उतरवून घेतले की नेट लागत नाही. त्यात तारेतून इलेक्ट्रॉनचे ठिपके सरकताना दिसतात. एका मुलीने स्क्रीनला बोट लावलं आणि एका ठिपक्याच्या मागे निघाली. सेल, पहिला बल्ब, दुसरा बल्ब, परत सेल. 'खाल्ला नाही. परत आला!' मागून एकाने विचारलं, 'मग सेल संपतो कसा?' ऊर्जेचा सगळा धडा त्या प्रश्नातून निघाला.

यंत्र कशासाठी आणायचं हे सांगणारं आमचं वाक्य तिथे मिळालं: 'जे डोळ्यांना दिसत नाही, ते आमच्या शाळेत मुलांना दिसेल, आणि दिसलेलं ती स्वतःच्या शब्दांत सांगतील.' तुमचं वाक्य वेगळं असेल. एखाद्या शाळेत वाचन कच्चं असतं, एखाद्या शाळेत बहिऱ्या मुलांपर्यंत धडा पोचत नसतो. वाक्य लिहायला ट्रस्टी आणि आचार्य एवढेच बसू नका. यंत्राला हात लावायला घाबरणाऱ्या बाई, दोन पालक, दोन विद्यार्थी आणि शिपाईकाका यांनाही बोलवा. कुठल्या खोलीत लाइट जाते हे काकांनाच ठाऊक असतं. वाक्यात यंत्राचं नाव आलं तर ते खोडा. वाक्य खरं असेल तर नको ते नाकारताना कामी येतं. आमच्याकडे टॅबलेट विकायला आलेल्या गृहस्थांना मी ते वाचून दाखवलं आणि विचारलं, यातलं तुमचा टॅबलेट काय करेल? त्यांच्याकडे फक्त पर्यायी प्रश्नांच्या चाचण्या होत्या. आम्ही घेतला नाही.

हा क्रम आपल्या बडोद्याला नवा नाही. सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या मोफत शिक्षणाचा प्रयोग केला, १९०६ मध्ये ते सगळ्या राज्याला लागू केलं. शिकलेला माणूस वाचत राहावा म्हणून १९१० मध्ये बॉर्डन हे अमेरिकन ग्रंथपाल आणले, गावोगाव पुस्तकांच्या पेट्या फिरवल्या. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यासाठी त्याच ग्रंथालय खात्याने मॅजिक लँटर्नची, म्हणजे काचेवरचं चित्र दिव्याने पडद्यावर पाडणाऱ्या यंत्राची, चित्रं दाखवली. लँटर्न त्या काळचं नवं यंत्रच होतं, पण ते कुणासाठी आणायचं हे आधी ठरलेलं होतं.

आता पैशांचं. सगळी रक्कम यंत्रावर घालू नका. निम्मी इन्व्हर्टर, दुरुस्ती आणि शिक्षकांच्या सरावासाठी राखा. शनिवारच्या सकाळच्या शाळेनंतर आमचे शिक्षक एक तास बसतात. ज्याला येतं तो दुसऱ्याला शिकवतो, बाहेरचा ट्रेनर नसतो. त्या तासाला मीही विद्यार्थी म्हणून बसते. पाठ्यपुस्तकातले क्यूआर कोड स्कॅन करून 'दीक्षा' या सरकारी शैक्षणिक ॲपवरचं साहित्य तेव्हाच उतरवून ठेवतो. रिमोट वर्गातच, खिळ्याला टांगलेला. आणि बडोद्यातल्या शाळांसाठी खास: सामान पहिल्या मजल्यावर. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी शहरात शिरली, तेव्हा आमच्या तळमजल्यावरचा प्रोजेक्टर गेला.

मुलांची नावं, फोटो, जन्मतारखा कुठल्याही ॲपला देण्याआधी पालकांची लेखी संमती घ्या. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची संमती हवी असं आहे.

वर्षातून दोनदा, दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीआधी, वाक्य सगळ्यांसमोर वाचा आणि बदलावंसं वाटलं तर बदला. गेल्या वेळी माझ्या वहीत एक गोष्ट पुन्हा पुन्हा आली होती. लॅपटॉपभोवती सहा मुलं बसली की माउस पुढच्या दोघांकडे, आणि मुली मागून बघताहेत. आम्ही वाक्यात 'मुलांना'च्या आधी 'प्रत्येक' हा शब्द घालून ते 'प्रत्येक मुलाला-मुलीला' असं केलं, आणि दर पाच मिनिटांनी माउस डावीकडच्या हातात द्यायचा असा नियम केला. सध्या मागच्या बाकावर बसून मी एवढंच टिपते: माउस कुणाच्या हातात होता.