बॅक बटण दाबूनही यादी ढिम्म
हाती आलेल्या रिअ‍ॅक्ट वेबसाइटच्या कोडमध्ये वस्तूंच्या यादीचे फिल्टर रिडक्स स्टोअरमध्येही (माहिती एकत्र ठेवायची जागा) होते आणि यूआरएलमध्येही (पानाचा पत्ता). दोघांचा मेळ घालायला दोन यूजइफेक्ट (काही बदललं की आपोआप चालणारा कोड): एक यूआरएल बघून स्टोअर बदलणार, दुसरा स्टोअर बघून यूआरएल. बॅक दाबलं की यूआरएल क्षणभर बदलायची. तेवढ्यात दुसरा इफेक्ट स्टोअरमधला फिल्टर परत तिच्यात ढकलायचा. माणूस जागच्या जागी!

दोन्ही इफेक्ट उडवले, स्टोअरच्या स्लाइसमधून (त्याचा एक भाग) फिल्टर काढून टाकले. आता ते रिअ‍ॅक्ट राउटरच्या यूजसर्चपॅरम्समधूनच, म्हणजे थेट यूआरएलमधून, वाचतो. सर्चबॉक्ससाठी रिप्लेस ट्रू दिलं (आधीचीच नोंद बदलायची, नवी नाही), नाहीतर प्रत्येक अक्षराची हिस्टरीत वेगळी नोंद होते. आणि हो, पॅरम्स (यूआरएलमधली ही मूल्यं) कायम स्ट्रिंगच, म्हणजे मजकूर म्हणूनच, मिळतात: पेज 2 मध्ये 1 मिळवला की थेट 21! आधी नंबरमध्ये बदलून घ्या.