हिशेबनीसाने आधी काय ऑटोमेट करावं?
हिशेब लिहून देण्याचा छोटा व्यवसाय असेल तर ऑटोमेशनची सुरुवात जाहिरातीपासून नको, नव्या ग्राहकांच्या चौकशीपासून करा. ग्राहकाने चौकशीचा फॉर्म भरला की लगेच उत्तर जावं, त्यातच भेटीची वेळ निवडायची लिंक असावी. फॉर्ममध्ये तीनच प्रश्न पुरेत: महिन्याला साधारण किती व्यवहार होतात, बँक खाती किती, नोंदी कुठपर्यंत झाल्या आहेत. यावरून कोटेशनचा मसुदा आपोआप तयार होऊ शकतो. पण पाठवण्याआधी स्वतः वाचाच, कारण मागच्या अर्धवट नोंदींचा गुंता फॉर्ममधून कळत नाही. मग कोटेशन पाठवल्यावर ३ आणि १० दिवसांनी आठवणीचा ईमेल. समोरच्याचं उत्तर आलं की हे ईमेल थांबतील अशी सेटिंग नक्की करा, नाहीतर होकार दिलेल्या ग्राहकालाही आठवणी जात राहतात.