घेवड्याला शेणखत आणि रासायनिक खत जोडीनं कसं द्यायचं

घेवडा कडधान्यातला असला तरी हरभरा, तुरीसारखा हवेतला नत्र (नायट्रोजन) भरपूर ओढत नाही, त्याच्या मुळांवर नत्र धरणाऱ्या जिवाणूंच्या गाठी कमीच येतात, म्हणून कडधान्य आहे, नत्र नको असं धरून चालू नका, पीक पिवळं पडतं. पण युरिया, म्हणजे नत्राचं रासायनिक खत, नुसता ओतला तर पाला माजतो आणि शेंगा कमी लागतात, मावा (रस शोषणारी कीड) पण वाढतो, त्यामुळे शेणखत आणि रासायनिक खत दोन्हीचा मेळ घालणंच बरं.

शेणखत मात्र पूर्ण कुजलेलंच घ्या. हातात घेतलं की भुसभुशीत लागलं पाहिजे, गरम नको आणि शेणाचा वास पण नको, कच्चं टाकलं तर हुमणी (मुळं खाणारी अळी) येते आणि कुजताना तेच जमिनीतला नत्र खाऊन टाकतं. सिंगल सुपर फॉस्फेट (स्फुरदाचं, म्हणजे फॉस्फरसचं खत) ह्याच शेणखतात कालवून पेरणीच्या वेळी सरीत द्या, स्फुरद मातीत अडकून बसत नाही, पिकाला लागू पडतो, वर गंधक मिळतं ते वेगळंच. पोटॅश पण तेव्हाच. युरिया निम्मा पेरणीला आणि निम्मा महिन्याभरानं खुरपणी झाल्यावर, ओल असताना, आणि लगेच मातीआड करा.

बियाण्याला रायझोबियम (मुळांवर गाठी करून नत्र धरणारे जिवाणू) लावत असाल, आणि लावाच, तर दहा किलोला पाव किलोचं पाकीट पुरतं, सावलीत सुकवा आणि बी रासायनिक खताला चिकटू देऊ नका, जिवाणू मरतात. खत बियाच्या दोन बोटं खाली किंवा बाजूला पडलं पाहिजे. डोस किती ते माती परीक्षण बघूनच ठरवा.