दमवणारी नोकरी आणि रोजचं चालणं : या चुका टाळा

साताऱ्यात कुणीही चालायला सुरुवात करायची ठरवली की पहिली नजर जाते ती अजिंक्यताऱ्याकडे. गावात कुठंही उभं राहा, किल्ला समोरच. मग रविवारी पहाटे उठायचं, दमछाक होत वर मंगळाईच्या देवळापर्यंत जायचं, खाली दिसणाऱ्या गावाचा फोटो काढायचा आणि उतरायचं. मीही हेच केलं होतं. मंगळवारी मांड्या अशा भरून आल्या की कारखान्याच्या जिन्यावरून कठडा धरून उतरावं लागलं. पुढचे दोन आठवडे चालण्याचं नाव काढलं नाही.

मांड्या चढल्यामुळे दुखतात असं आपण समजतो. खरं काम करतो तो उतार. उतरताना मांडीच्या पुढच्या स्नायूंवर शरीराचं वजन येतं आणि त्याच वेळी ते लांबतही असतात. सवय नसलेल्या स्नायूला हे झेपत नाही, आणि ही दुखापत लगेच न जाणवता दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जोर धरते. दिवसभर कामावर उभं राहणाऱ्यानं पहिल्या आठवड्यात किल्ला गाठू नये. तो कुठं जात नाही. आधी महिनाभर सपाट रस्ता किंवा शाहू स्टेडियमच्या बाजूचा फेरा धरा, मग किल्ल्याच्या उतारावरच्या चार भिंती या स्मारकापर्यंत जा, त्यानंतर वर.

"जरा टेकतो, मग जातो"

सगळ्यात जास्त लोक इथं अडकतात, म्हणून यावर थोडं सविस्तर लिहितो.

मी एमआयडीसीत तपासणी विभागात आहे. आठ तास उभ्यानं काम. घरी आलं की पिशवी ठेवायची, पंख्याखाली बसायचं, चहा घ्यायचा आणि चालायला निघायचं, असं माझं वेळापत्रक होतं. कागदावर छान. प्रत्यक्षात चहा संपेपर्यंत पाय जड व्हायचे, मुलाची वही समोर यायची, कुणाचा तरी फोन यायचा. वर्षभर मी स्वतःला आळशी समजत होतो. आता वाटतं, माझ्यात आळस नव्हता, ठरवलेली जागा चुकली होती. थकलेल्या माणसानं एकदा बूट काढले की ते पुन्हा घालणं हे चालण्यापेक्षा अवघड काम असतं. म्हणून बूट काढायच्या आतच चालणं उरकायला हवं.

आमची बस राजवाड्यापर्यंत सोडते. मी त्याआधीच पोवई नाक्यावर उतरायला लागलो. तिथून राजपथानं घरी पोहोचायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, थोडा चढ, दोन्ही बाजूला दुकानं, ओळखीची माणसं. पहिल्या दिवशी आई दारातच म्हणाली, "का रं, आज बस चुकली व्हय?" आठवडाभरानं तिनं विचारणं सोडलं. घरी पोहोचतो तेव्हा चालणं झालेलं असतं आणि मग पंख्याखाली कितीही वेळ बसलं तरी चालतं.

दुचाकीवाल्यांनी गाडी रोजच्या जागेपेक्षा लांब लावावी, एवढाच फरक.

पण हा उपाय सगळ्यांना लागू नाही, हे मला माझ्या बायकोमुळे कळलं. ती दिवसभर काउंटरवर बसून असते आणि घरी आली की स्वयंपाक वाट पाहत असतो. तिला "कामावरून येताना अर्धा तास चाल" असं सांगणं म्हणजे जेवण अर्धा तास उशिरा कर असं सांगणं. तिनं वेगळी वाट काढली. दुपारच्या सुट्टीत डबा झाल्यावर दहा मिनिटं आणि रात्री जेवणानंतर आम्ही दोघं मिळून पंधरा. रात्रीची भांडी आता मी घासतो, त्याशिवाय तिची पंधरा मिनिटं मोकळी झाली नसती. जेवणानंतरचं हे चालणं रक्तातली साखर एकदम वाढू देत नाही, त्यामुळे ज्यांच्या घरात मधुमेह आहे त्यांनी तर हे जरूर करावं.

सलग अर्धा तास आणि दहा हजार पावलं

"तुकड्यातुकड्यानं चालल्याचा काय उपयोग?" असं अनेकजण विचारतात. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम वेगाचा व्यायाम सांगते. पूर्वी त्यात एका वेळी निदान दहा मिनिटं सलग अशी अट होती. २०२० च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ती काढून टाकली. मध्यम वेग म्हणजे सोबतच्या माणसाशी बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये इतका.

दहा हजारांचा आकडाही मनावर घेऊ नका. तो १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजण्याच्या यंत्राच्या नावातून रूढ झाला. डॉक्टरांनी मोजूनमापून ठरवलेली ती सीमा नाही. मोबाइलवर सात हजार दिसले म्हणून रात्री अकराला खोलीत येरझाऱ्या घालणारा माणूस मी पाहिला आहे. त्यानं झोपायला हवं होतं.

"मी दिवसभर उभाच असतो की"

उभं राहणं म्हणजे चालणं नव्हे. चालताना पोटऱ्यांचे स्नायू आवळतात, सैल पडतात आणि पायातलं रक्त वर ढकलतात. नुसतं उभं राहिलं की हा पंप जवळजवळ बंद असतो, म्हणून संध्याकाळी घोटे सुजतात, पाय भरून येतात. उभ्या कामानं आलेला हा जडपणा दहा मिनिटं चाललं की बऱ्याचदा उतरतो. पहिली पाचेक मिनिटं नकोशी वाटतात, तेवढी काढा.

फक्त सेफ्टी शूज घालून चालू नका. पुढं पोलादी टोपी, जाड तळवा, वजन जास्त. मी पिशवीत साधे कॅनव्हासचे बूट ठेवतो आणि बसमध्येच बदलतो. सकाळी उठल्यावर पहिलं पाऊल टाकताना टाच ठणकत असेल, तर तळव्याचा पडदा, म्हणजे टाचेपासून बोटांकडे जाणारा जाड पट्टा, दुखावलेला असण्याची शक्यता मोठी. तेव्हा अंतर कमी करा, घरात अनवाणी फिरू नका, भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणा. तरीही थांबलं नाही तर डॉक्टरांना दाखवा. चालताना छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ आली तर तिथंच थांबा आणि लगेच दवाखाना गाठा. "गॅस असेल" म्हणून घरी जाऊ नका.

एक दिवस चुकला की सगळं सोडून देणं

लंडनमधल्या संशोधकांनी २००९ साली सवय कशी लागते याचा अभ्यास प्रसिद्ध केला. एखादी गोष्ट आपोआप घडू लागायला सरासरी ६६ दिवस लागले, पण कुणाला १८, तर कुणाला २५४ दिवस लागतील असा अंदाज निघाला. एखादा दिवस चुकल्यानं सवयीवर फारसा परिणाम होत नाही, असंही दिसलं. एकवीस दिवसांत सवय लागते असं ऐकून बाविसाव्या दिवशी निराश होणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आमच्याकडे पाळ्या बदलतात, त्यामुळे "रोज सहाला" असा नेम टिकत नाही. घड्याळाऐवजी एखाद्या घटनेला चालणं बांधा. पहिल्या पाळीला माझं बसमधून उतरणं. दुसऱ्या पाळीला रात्री उशीर होतो, रस्ता सुना, कुत्री मोकाट, म्हणून त्या आठवड्यात दुपारी जातानाच घरून पोवई नाक्यापर्यंत पायी जातो. आणि तेव्हा उतार मिळतो. रात्रपाळीच्या आठवड्यात सकाळी फक्त दहा मिनिटं, कारण तेव्हा झोप जास्त गरजेची असते.

पावसाळ्यात बूट भिजतात. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवले आणि तासाभरानं बदलले की सकाळपर्यंत घालण्याजोगे होतात. फुटपाथ नसलेल्या रस्त्यावर समोरून येणारी गाडी दिसेल अशा बाजूनं, म्हणजे उजवीकडून चाला. छत्री काळी असेल तर अंगात तरी फिकट रंगाचा शर्ट असू द्या.